मॅरेथॉन झाली, आता शिकागोचा हिवाळा: धावणं टिकवायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा: शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या एका रनरने ऑक्टोबरमध्ये शिकागो मॅरेथॉन ४ तास ५० मिनिटांत पूर्ण केली. आता नोव्हेंबर लागलाय. शर्यतीनंतर जेमतेम चार वेळा धावणं झालं. हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे गेल्यापासून ऑफिस सुटेपर्यंत काळोख पडतो, सकाळी पांघरुणातून पाय बाहेर निघत नाही, आणि पाच महिन्यांची मेहनत वाया जाणार अशी धास्ती वाटते. हिवाळाभर धावायची इच्छा टिकवायची कशी?

आधी धास्तीचं बघू. मॅरेथॉनच्या दिवशी जी तयारी होती ती वर्षभर टिकवायची नसतेच. कुणीच टिकवत नाही. धावणं पूर्ण बंद केलं तर पहिल्या दोनेक आठवड्यांत रक्तातल्या द्रवाचं प्रमाण थोडं घटतं. त्यामुळे नेहमीच्या वेगाला नाडी जास्त पडते आणि 'सगळं गेलं' असं वाटतं. ही घट नियमित धावायला लागलं की दोन-तीन आठवड्यांत भरून येते. हाडं, स्नायुबंध, पायांतल्या केशवाहिन्या यांनी कमावलेलं मात्र इतक्या लवकर जात नाही. आणि कमावलेलं राखायला लागणारे कष्ट कमावण्याच्या कष्टांच्या मानाने फारच थोडे असतात. आठवड्यात तीन दिवस, प्रत्येकी ३० ते ४० मिनिटं, त्यात एखाद्या दिवशी थोडं जोरात पळणं, एवढ्यावर बहुतेकांचा हिवाळा निभावतो. अंतर बरंच कमी केलं तरी चालतं, पण वेगाची चव पूर्ण सोडू नये.

कॅलेंडरही तुमच्या बाजूने आहे. शिकागोची शर्यत ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी असते. १८ आठवड्यांचा सराव धरला तरी तो जूनच्या सुरुवातीला सुरू होतो. म्हणजे आत्तापासून मेअखेरपर्यंत सात महिने तुमच्यावर कसलंही ओझं नाही. या काळात राखायची ती सवय. आणि सवय इच्छेच्या भरवशावर सोडली की नोव्हेंबरातच मोडते, म्हणून 'इच्छा कशी टिकवू' यापेक्षा 'इच्छा नसतानाही पाय दाराबाहेर कसा पडेल' असं विचारलं तर उत्तर सोपं होतं.

त्याआधी एक खातरजमा. न धावण्यामागे आळस आहे की शरीर अजून सावरलेलं नाही? जितके मैल पळालात तितके दिवस कसून पळू नये, असा जुन्या रनर लोकांचा ठोकताळा आहे. २६ मैल म्हणजे जवळजवळ चार आठवडे. सकाळी उठल्याउठल्या नाडी मोजा. नेहमीपेक्षा ६-८ ठोके जास्त पडत असतील, जिना चढताना मांड्या भरून येत असतील, झोप तुटक असेल, तर आणखी एक आठवडा फक्त चाला. यात काही बिघडत नाही. बिघडतं ते तिसऱ्याच आठवड्यात जुन्या वेगाने १५ किलोमीटर मारून पोटरी धरून बसल्याने.

दुसरी खातरजमा रक्ताची. शिकागो साधारण ४२ अक्षांशावर आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी इथल्या उन्हातून त्वचेला ड जीवनसत्त्व बनवता येईल इतके अतिनील किरण मिळतच नाहीत, आणि आपल्या सावळ्या कातडीला गोऱ्यांपेक्षा ऊन जास्त लागतं. त्यात शाकाहारी असाल तर बी-१२ आणि लोह यांचीही शंका घ्यायला हवी. वार्षिक तपासणीत ड जीवनसत्त्व, बी-१२ आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) या तीन गोष्टी मुद्दाम सांगून करून घ्या. नुसतं हिमोग्लोबिन बघून 'सगळं ठीक' म्हणू नका. हिमोग्लोबिन जागेवर असूनही फेरिटिन तळाला गेलेलं असू शकतं, विशेषतः पाळी सुरू असलेल्या बायकांमध्ये, आणि त्याचं लक्षण असतं 'काही करावंसंच वाटत नाही'. गोळ्या मात्र डॉक्टरांनी आकडे पाहून दिल्यावरच घ्या. लोह मनाने घ्यायची गोष्ट नाही.

तिसरी गोष्ट काळोखाची. डिसेंबरात शिकागोत संध्याकाळी ४:२० ला सूर्य मावळतो आणि जानेवारीच्या सुरुवातीला सकाळी ७:१८ ला उगवतो. धावण्याबरोबर बाकीच्या गोष्टींतूनही मन उडालं असेल, दिवसभर झोप येत असेल, गोड खायची सारखी ओढ लागत असेल, तर तो ऋतूमुळे येणारा उदासपणा असू शकतो. त्यावर १०,००० लक्सचा दिवा मिळतो. सकाळी उठल्यावर २० ते ३० मिनिटं, चेहऱ्यापासून हात-दीड हातावर ठेवून, त्याच्या उजेडात चहा-पेपर करायचा; थेट दिव्याकडे बघायचं नाही. डोळ्यांचा आजार किंवा बायपोलरचा इतिहास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. दोन आठवड्यांत फरक पडला नाही, तरीही डॉक्टर गाठा. असल्या उदासीला 'जरा धावून ये, बरं वाटेल' हा सल्ला पुरत नाही.

हे तिन्ही ठीक असेल तर मग उरतो तो रोजचा झगडा, आणि तो हरला जातो सकाळी साडेसहाला, पांघरुणात, फोनवर तापमान बघताना. तिथे निर्णय घ्यायचाच नाही. निर्णय आदल्या रात्री ९ वाजता घ्या. हवामानाच्या अॅपमध्ये नुसतं तापमान न बघता 'फील्स लाइक'चा (अंगाला जाणवणाऱ्या थंडीचा) आकडा, वारा कुठून आणि किती, रात्री पाऊस पडून गोठणार आहे का, एवढं बघा आणि तीनपैकी एक ठरवून टाका: बाहेर, ट्रेडमिल किंवा सुट्टी. ठरल्याप्रमाणे कपडे खुर्चीवर काढून ठेवा. मोजे, हातमोजे, कानपट्टी, सगळं. हातमोज्याची जोडी शोधण्यात गेलेली चार मिनिटं हा हिवाळ्यात धावणं रद्द होण्याचा सर्वांत दुर्लक्षित प्रकार आहे.

किमान मर्यादा इतकी खाली ठेवा की नाही म्हणायला लाज वाटावी: बाहेर पडून दहा मिनिटं. दहा मिनिटांनंतरही नको वाटलं तर परत फिरायचं, आणि तो दिवसही धावल्याचाच धरायचा. बहुतेक वेळा परत फिरलं जात नाही. कारण थंडीत नकोसा असतो तो पहिला किलोमीटरच. बुटाच्या तळव्याचा फोम गारठून कडक झालेला असतो, पोटऱ्या आखडलेल्या असतात, बोटं बधिर असतात. दहाएक मिनिटांत शरीर तापतं. म्हणून घरातच पाच मिनिटं जिना चढ-उतार, गुडघे उचलून जागच्या जागी पळणं, असं करून घाम फुटायच्या जरा आधी बाहेर पडा.

नोंद ठेवा, पण मिनिटांची; वेगाची नको. बर्फावर किलोमीटरमागे अर्धं ते एक मिनिट सहज जास्त लागतं आणि घड्याळ बघून उगाच हिरमोड होतो. फ्रिजवरच्या कालनिर्णयच्या चौकटीत '३५' किंवा '२०' एवढं लिहिलं तरी पुरे. चुकलेला दिवस भरून काढायचा नाही; तो गेला. मात्र लागोपाठ दोन ठरलेले दिवस चुकवायचे नाहीत.

आणखी एक, जरा नाजूक. तुमच्या फोनवर पुण्या-मुंबईचे मित्र असतील. त्यांच्यासाठी हिवाळा म्हणजे धावण्याचा ऐन हंगाम: डिसेंबरात पुण्याची मॅरेथॉन, जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईची. तुम्ही उणे १० मध्ये कानपट्टी शोधत असता तेव्हा ते मरीन ड्राइव्हवर ३० किलोमीटर मारल्याचे फोटो टाकत असतात. त्यांचा चढ आणि तुमचा उतार एकाच महिन्यात येतो, यात तुमचं काही चुकलेलं नाही. गरज वाटली तर दोन महिने ते फोटो दिसणारं अॅप बंद ठेवा.

सोबत मिळाली तर अर्धं काम झालं. नेपरव्हिल, ऑरोरा, शॉमबर्ग भागात मराठी घरं भरपूर आहेत. मंडळाच्या ग्रुपवर 'रविवारी सकाळी ८, अमुक पार्किंग लॉट, ४५ मिनिटं, बोलत बोलत' एवढा निरोप टाकला तरी दोघं-तिघं निघतात. ८ ची वेळ मुद्दाम, कारण उजेड असतो. आणि समोरचा गारठत उभा आहे ही जाणीव कुठल्याही गजरापेक्षा भारी. घरून काम करत असाल तर आठवड्यातले दोन दिवस दुपारी १२ ला धावा. थंडी तेव्हा सकाळपेक्षा कमी असते आणि तासभर उजेड अंगावर पडतो. रात्री जेवणानंतर धावण्याचा बेत सहसा तडीस जात नाही.

आता थंडी. तिचा बाऊ होतो त्याचं कारण २०१९ च्या ३० जानेवारीसारखे दिवस: शिकागोत त्या दिवशी तापमान उणे २३ फॅरनहाइट, म्हणजे उणे ३१ सेल्सिअसच्या आसपास उतरलं होतं. पण असे दिवस हिवाळ्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. जानेवारीची सरासरी दुपार शून्य सेल्सिअसच्या आसपास असते आणि शून्याला नीट कपडे घातलेला माणूस आरामात धावतो.

कपड्यांचा नियम एकच: बाहेर आहे त्यापेक्षा सुमारे १० अंश सेल्सिअसने जास्त ऊब आहे असं समजून कपडे घाला. दारातून बाहेर पडल्यावर थोडी हुडहुडी भरली पाहिजे. पहिल्याच मिनिटाला छान वाटलं, तर पंधराव्या मिनिटाला घामाने भिजाल, आणि भिजलेल्या अंगाला वारा लागला की मग खरी थंडी वाजते. नव्या लोकांची सर्वांत मोठी चूक कमी कपड्यांची नसते, जास्त कपड्यांची असते.

४ सेल्सिअसच्या (४० फॅरनहाइट) आसपास: लांब बाह्यांचा एकच टी-शर्ट, पातळ हातमोजे, पायात टाइट्स किंवा सवय असेल तर शॉर्ट्स. शून्य ते उणे ७: अंगालगत पातळ पॉलिस्टर किंवा मेरिनो लोकर, त्यावर दुसरा थर, टाइट्स, कानपट्टी, हातमोजे. उणे ७ ते उणे १५: अंगालगतच्या थरावर वारा अडवणारं पातळ जाकीट, टोपी, गळ्यात बफ (नळीसारखा कापडी गळपट्टा), आणि बोटांच्या हातमोज्यांऐवजी मिटन्स. मिटन्समध्ये चार बोटं एकमेकांना ऊब देतात, म्हणून पातळ मिटनही जाड हातमोज्याला भारी पडतं. पुरुषांनी समोरच्या बाजूला वारा अडवणारी अंतर्वस्त्रं घ्यावीत. यावर कुणी उघड बोलत नाही, पण उणे १२ मध्ये उलट्या वाऱ्यात एकदा चूक झाली की पुन्हा होत नाही. पायात दोन मोजे घालून बूट घट्ट करू नका. रक्त अडतं आणि बोटं आणखी गार पडतात. एकच मेरिनो मोजा पुरे.

सुती काहीही नको. भारतातून आणलेलं थर्मल बहुधा सुती किंवा सुतीमिश्रित असतं. ते बसस्टॉपवर उभं राहायला उत्तम, धावायला वाईट, कारण घाम धरून ठेवतं. माकडटोपीची मात्र चेष्टा करू नका. तीच इथे बॅलाक्लाव्हा म्हणून मिळते आणि उणे १२ च्या खाली तिच्याइतकं उपयोगी काही नाही. फक्त आजीने विणलेली जाड लोकरीची नको, ती श्वासाच्या वाफेने ओली होऊन गोठते. पातळ सिंथेटिक घ्या. व्हॅसलीन ओठ फुटण्यापासून वाचवतं, हिमदंशापासून वाचवत नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर गाल उघडे ठेवू नका.

थंड हवेने फुप्फुसं गोठतात ही निव्वळ समजूत आहे. हवा फुप्फुसांपर्यंत जाईतो तापलेली असते. त्रास होतो तो कोरडेपणाचा: घसा खवखवतो, धावून झाल्यावर खोकला येतो. तोंडावरून बफ घेतला की बराच फरक पडतो. दमा असेल, किंवा दरवेळी छातीत शिट्टी वाजत असेल, तर डॉक्टरांना विचारून धावण्याआधी पंप घ्यायचा का ते ठरवा. तहान मात्र फसवते. थंडीत ती कमी लागते आणि लघवी जास्त होते, म्हणून निघण्यापूर्वी एक पेला कोमट पाणी आणि आल्यावर एक-दोन.

तापमानापेक्षा वारा जास्त महत्त्वाचा. उणे १८ सेल्सिअस (० फॅरनहाइट) तापमान आणि ताशी २४ किलोमीटर वारा असेल तर अंगाला उणे २८ चा गारवा लागतो आणि उघड्या त्वचेला अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. बाहेर धावायचं नाही ही सीमारेषा तिथेच आखा. पहिला हिवाळा असेल तर आणखी अलीकडे, 'फील्स लाइक' उणे २० च्या खाली गेलं की ट्रेडमिल. नाक, कान, गाल किंवा बोटाचं टोक पांढरं पडून बधिर झालं तर ताबडतोब आत या, कोमट पाण्यात धरा, चोळू मात्र नका.

वाऱ्याची दिशा बघून वाट ठरवा: जाताना वारा तोंडावर, येताना पाठीवर. उलट केलंत तर जाताना घाम येतो आणि घामेजलेल्या अंगाने वाऱ्यात तोंड घालून परत यावं लागतं. थंडीने ठणकून 'पुन्हा नाही' म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांची चूक हीच असते. शहरात मिशिगन तलावाकाठचा लेकफ्रंट ट्रेल सुमारे २९ किलोमीटर लांब आहे आणि त्यावरचा बर्फ काढला जातो, पण लाटा उसळतात तेव्हा ओक स्ट्रीटच्या वळणावर काठ बर्फाने मढतो. तिथे कडेने धावू नका. बंद असल्याची पाटी असेल तर ती पाळा, खाली तलाव आहे. उपनगरात इलिनॉय प्रेरी पाथसारख्या बारीक खडीच्या वाटांचं दुखणं वेगळं. दुपारी बर्फ वितळून चिखल होतो, त्यात पावलं उमटतात आणि रात्री ती तशीच दगडासारखी गोठतात. सकाळच्या अंधारात त्यावर घोटा मुरगळणं सर्वांत सोपं.

बर्फाचे प्रकार ओळखायला शिका. ताजा, दोन-तीन इंची भुसभुशीत बर्फ धावायला चांगला, पकड देतो. तुडवून घट्ट झालेला बरा. वितळून पुन्हा गोठलेला वाईट. आणि डांबरावर काचेसारखा पसरलेला, जो दिसतच नाही, तो सर्वांत वाईट. इथे त्याला ब्लॅक आइस म्हणतात. ओला दिसणारा रस्ता चमकतोय पण गाड्यांच्या चाकांतून पाणी उडत नाहीये, म्हणजे तो बर्फ आहे. त्यावर चालायचं, तेही पेंग्विनसारखं, पाऊल सपाट टेकवत. बाकी बर्फावर पावलं छोटी आणि भरभर, हात थोडे बाहेर, टाच जोरात टेकवायची नाही.

बुटांवर चढवायच्या रबरी पट्ट्या मिळतात, काहींना तारेची वेटोळी तर काहींना छोटे खिळे असतात. बर्फाने भरलेल्या वाटेवर चांगल्या, कोरड्या डांबरावर तारा लवकर झिजतात. स्वस्त उपाय हवा असेल तर जुन्या, जाड तळव्याच्या बुटांना स्क्रू मारा: षट्कोनी डोक्याचे पत्र्याचे स्क्रू, ८ नंबर, ३/८ इंच लांब, एका बुटाला १० ते १२. कडेने, टाचेखाली आणि चवड्याच्या बाहेरच्या काठावर. चवड्याच्या मधोमध नाही, तिथे टोचतात. डोकं बाहेर राहिलं पाहिजे, तेच बर्फात रुततं. तळव्यात कार्बनची पट्टी असलेले किंवा पातळ तळव्याचे बूट या कामाला नकोत. हे बूट घालून घरातल्या लाकडी फरशीवर किंवा दुकानाच्या टाइल्सवर गेलात तर घसरून पडाल, शिवाय फरशीची वाट लागेल ती वेगळीच.

अंधारात धावताना परावर्तक पट्ट्यांचं जाकीट आणि साधारण २०० ल्यूमेनचा कपाळदिवा घ्या. फूटपाथवर बर्फ साचला असेल आणि रस्त्यावर उतरावंच लागलं, तर डाव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून. भारतात याच नियमाने उजवी कडा धरावी लागते, त्यामुळे सवयीने चुकीच्या बाजूला जाणारे आपल्यात बरेच दिसतात. फोन बाहेरच्या खिशात ठेवला तर गारठून बंद पडतो. जाकिटाच्या आत ठेवा.

घरी आल्यावर दहा मिनिटांच्या आत ओले कपडे बदला. धावणं थांबल्यावर अंग झपाट्याने गार पडतं, म्हणून आधी कपडे, मग चहा, स्ट्रेचिंग त्यानंतर. बायकांनी ओली स्पोर्ट्स ब्रा सर्वांत आधी बदलावी. बूट हीटरच्या जाळीवर ठेवू नका, गोंद आणि फोम खराब होतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभराने बदला. रस्त्यावरच्या मिठाचे पांढरे डाग ओल्या फडक्याने पुसून घ्या.

ट्रेडमिलला कमी लेखू नका, तिच्यावर दीड तास काढायचाही हट्ट नको. कंटाळा येतो तो एकच वेग धरल्याने. ४५ मिनिटांचा एक साचा, तुमच्या ४:५० च्या वेळेला बेतलेला: १० मिनिटं ताशी ५.० मैल (किलोमीटरला सुमारे साडेसात मिनिटं), मग सहा वेळा ३ मिनिटं ६.० आणि २ मिनिटं ४.५, शेवटी ५ मिनिटं ४.० वर चालणं. १ टक्का चढ ठेवलाच पाहिजे हा नियम वेगवान लोकांसाठी आहे, त्यांना बाहेर हवेचा अडथळा जाणवण्याइतका असतो. तुमच्या वेगाला चढ ठेवा अथवा ठेवू नका, फरक नगण्य. पंखा मात्र हवाच. आत वारा नसल्याने घाम सुकत नाही, नाडी चढते आणि सोपा वेगही अवघड वाटतो. पार्क डिस्ट्रिक्टच्या (गावातली मैदानं-बागा सांभाळणाऱ्या संस्थेच्या) बंदिस्त ट्रॅकवर धावत असाल तर वळणं लहान असतात, म्हणून दिशा अधूनमधून बदला. नाहीतर एकाच बाजूचा गुडघा आणि खुबा कुरकुरायला लागतो.

सगळं मिळून आठवडा असा दिसतो. नोव्हेंबर: तीन दिवस, २५ ते ३५ मिनिटं, बोलता येईल इतकं सावकाश. डिसेंबर: तेच, फक्त रविवार ५० ते ६० मिनिटांचा. जानेवारी: त्यातल्या एका दिवशी शेवटी २० सेकंद जोरात, ४० सेकंद हळू, असं सहा वेळा, निसरडं असेल तर हे ट्रेडमिलवर. फेब्रुवारी: रविवार ७० मिनिटांपर्यंत. दोन दिवस घरात २० मिनिटं पायांची ताकद: एका पायावर उभं राहून टाचा उचलणं १२ चे तीन सेट, पाय मागे-पुढे ठेवून बैठका १० चे तीन सेट, ब्रिज (पाठीवर झोपून कंबर उचलणं), प्लँक. पोटऱ्यांचा व्यायाम चुकवू नका. निसरड्यावर सावरायचं काम तिथल्याच स्नायूंवर येतं आणि कमी धावण्याच्या महिन्यांत तेच कुरकुरतात. दिवाळीच्या फराळाचा हिशोब धावण्यात मांडू नका. लाडू जाळायला निघालेला माणूस जानेवारीपर्यंत टिकत नाही.

समोर काहीतरी हवंच असेल तर मार्चअखेर ग्रँट पार्कमधली शॅमरॉक शफल घ्या, ८ किलोमीटरची. पुढच्या ऑक्टोबरची शर्यत ११ महिने लांब आहे, तिच्या नावावर जानेवारीतली सकाळ उठत नाही. वसंतात दुसरी पूर्ण मॅरेथॉन घेण्याचा मोह टाळा. तिच्यासाठी ३० किलोमीटरच्या दौडी नेमक्या फेब्रुवारीच्या बर्फात येतात, आणि धावण्याचा वीट येण्याचा तो हमखास मार्ग.

डिसेंबर-जानेवारीत भारतात जाणार असाल तर ती मेजवानी समजा, पण पहिले तीन दिवस जेट लॅगला द्या. पुण्यात पहाटे १२-१४ अंशांत वेताळ टेकडीवर शॉर्ट्समध्ये फिरणं हे शिकागोकराला स्वप्नवत वाटेल. तरी डांबरी रस्त्यांवर, गाड्यांच्या गर्दीत, धुरकट सकाळी छाती भरून धावू नका. टेकडी किंवा मैदान गाठा. परत आल्यावर पहिला आठवडा बाहेरचं धावणं २० मिनिटांवर ठेवा. उबेला सरावलेलं अंग पुन्हा थंडीला रुळायला आठ-दहा दिवस घेतं, आणि जाण्यापूर्वीचे कपडे तेव्हा कमीच वाटतात.

खरी दुखापत मात्र बहुधा जानेवारीत होत नाही. ती मार्चमध्ये होते, जेव्हा अचानक एखाद्या शनिवारी १५ अंश सेल्सिअस उजाडतं, सगळं गाव शॉर्ट्समध्ये बाहेर पडतं, आणि चार महिने ४० मिनिटं धावलेला माणूस उत्साहात दोन तास पळून येतो. त्या दिवशीही घड्याळ ७० ते ८० मिनिटांवरच थांबवा.